डुरक्याचा अपराध

हसवणाऱ्या चित्रपटाला हलका समजण्याची आपल्या रसिकांना एक खोड आहे. उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' (२००८) पाहून ती मोडावी.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. कुसवडे गावात देवाला सोडलेला एक वळू आहे, डुरक्या. तो माजला आहे, असा गावभर बोभाटा. देवाचा असल्यामुळे त्याला ना मारता येत, ना बाजार दाखवता येत. तेव्हा त्याला पकडायला वनअधिकारी (अतुल कुलकर्णी) येतो. बरोबर त्याचा धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन. त्याला या मोहिमेचा माहितीपट करायचा आहे. वाघाच्या शिकारीचा थाट आणि सावज गावातला बैल! हसू फुटते ते या विसंगतीतून.

परंतु एवढ्यावर चित्रपट तरला नसता. कॅमेरा समोर येताच ज्याला त्याला डुरक्याविषयी काही सांगायचे असते, आणि सांगता सांगता माणूस स्वतःचीच कहाणी उघडी करतो. सरपंच (मोहन आगाशे) आणि त्याचा प्रतिस्पर्धी आबा (नंदू माधव) यांना वळूपेक्षा श्रेयाची काळजी अधिक. गावात काहीही मोडले-बिघडले, की नाव डुरक्याचे.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यात मास्तरकी करतो. वर्गातली काच फुटली की चौकशीआधीच एका ठरावीक पोराकडे सगळी बोटे वळतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पुढे पुढे त्या पोरालाही ते खरे वाटू लागते. म्हणून डुरक्याच्या मागे धावणारा गाव पाहताना हसता हसता मी मध्येच गप्प होतो.

दोष नाहीत असे नाही. काही पात्रे ठळक रंगात रंगवली आहेत. शहरी प्रेक्षकाला 'खेडवळ माणसे अशीच' असे वाटण्याचा धोका आहे. पाठलागही थोडा आवरता आला असता. तरीही गिरीश कुलकर्णी यांचा जीवन पाहावा. साहेबांच्या मागेपुढे करणारा हा गडी हास्यास्पद आहे, पण लेखक-दिग्दर्शकाने त्याला तुच्छ केलेले नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या कथांतही खेड्याची थट्टा अशीच घरच्या माणसाने केलेली असते.

या सुटीत मुलाबाळांसह हा चित्रपट जरूर पाहा. आणि संपल्यावर मुलांना एवढेच विचारा, डुरक्याने नक्की केले तरी काय?