मूकपटांचे साथसंगीत

मूकपट दाखविला जात असताना चित्रपटगृहात प्रत्यक्ष वाजविले जाणारे संगीत. चित्रफितीवर ध्वनी मुद्रित करण्याची सोय नव्हती, त्या काळात पियानो, ऑर्गन वा वाद्यवृंद आणि भारतात प्रामुख्याने पेटी, तबला, सारंगी ही वाद्ये पडद्याजवळ बसून वाजविली जात. त्यामुळे ‘मूक’ हे विशेषण चित्रफितीपुरतेच खरे ठरते. तिच्या प्रयोगास ते लागू पडत नाही.

ल्यूम्येअर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये केलेल्या जाहीर प्रयोगास पियानोची साथ होती. १९०८ मध्ये फ्रेंच संगीतकार सँ-साँस याने ड्यूक ऑफ गीजच्या हत्येवरील मूकपटासाठी स्वतंत्र संगीतरचना केली. पुढे अमेरिकेत वुर्लिट्झर कंपनीने रॉबर्ट होप-जोन्स याच्या कल्पनेनुसार चित्रपटगृहांसाठी नळ्यांचे प्रचंड ऑर्गन तयार केले. त्यांवर एकच वादक वाद्यवृंदाचा भास निर्माण करी. शिवाय ढोल, घंटा, शिट्टी यांचे ध्वनीही त्यातून काढता येत. कोणत्या प्रसंगी कोणती धून वाजवावी, याच्या छापील सूचना चित्रपटांबरोबर पुरविण्याची पद्धतही तेथे रूढ झाली. अशी लेखी सामग्री टिकून राहिल्यामुळे तेथील काही मूकपटांचे मूळ स्वरूपाशी जवळीक साधणारे प्रयोग आजही करता येतात.

भारतात पहिला चित्रपटप्रयोग ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. एतद्देशीय प्रेक्षकांच्या चित्रपटगृहांतील साथीचा पिंड नाट्यसंगीत, भजन, कीर्तन यांच्याशी नाते सांगणारा होता. मराठी संगीत रंगभूमीवर ज्याला ऑर्गन म्हणत, ते पायाने भाता चालवून वाजवावयाचे वाद्य असून पाश्चात्त्य चित्रपटगृहांतील ऑर्गनशी त्याचे नावापलीकडे फारसे साम्य नाही. येथील वादक स्मरणावर आणि उत्स्फूर्ततेवर विसंबून वाजवीत. हेच या साथीचे सामर्थ्य होते आणि तिच्या विस्मरणाचे कारणही तेच ठरले.

साथीदाराचे काम केवळ सुरावट पुरविण्याचे नव्हते. प्रक्षेपक हाताने फिरविला जात असल्याने चित्राची गती कमीजास्त होई. त्यामुळे वादकाला पडद्यावर सतत नजर ठेवावी लागे. फाळके यांच्या कालिया मर्दन (१९१९) या चित्रपटावरून या कामाची कल्पना येते. आरंभी फाळके यांची कन्या मंदाकिनी निरनिराळे मुखभाव दाखविते व मग कृष्णरूपात दिसते. येथे कथा नाही, अभिनयाचा केवळ परिचय आहे; अशा ठिकाणी संगीताने संयम पाळणेच उचित. याउलट, पाण्याखालील झुंज आणि काठावरील चिंतातुर गोकुळ यांची दृश्ये आलटून पालटून येतात, तेव्हा दोहोंना जोडणारी लय संगीतानेच राखावी लागते. कृष्ण कालियाच्या फणेवर नाचू लागल्यावर तर तालावाचून ते दृश्य अपुरे वाटते.

आलम आरा (१९३१) या बोलपटानंतर काही वर्षांतच ही कला लोप पावली. संगीतकार नौशाद यांनी लखनौतील बालपणी अशी साथ ऐकल्याच्या आठवणी सांगितल्या आहेत. गोविंदराव टेंबे यांनी प्रभातच्या अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटास संगीत दिले. रंगभूमीवरील संगीताचा वारसा आता मुद्रित ध्वनीच्या रूपाने चित्रपटात आला. भारतात सु. तेराशे मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी फारच थोडे, तेही अनेकदा खंडित स्वरूपात, उपलब्ध आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष जतन केले. साथीचे स्वर मात्र जतन करण्याजोग्या रूपात कधी उतरलेच नव्हते.

याचा परिणाम फाळके यांच्या मूल्यमापनावरही झाला. सेकंदाला १६ चौकटी या गतीने सु. १७ मिनिटे चालणारे १,००० फुटांचे रीळ बोलपटाच्या २४ चौकटींच्या गतीने सु. ११ मिनिटांत संपते. अशा घाईने व निःशब्दपणे दाखविल्यास पात्रांच्या हालचाली हास्यास्पद होतात आणि दोष दिग्दर्शकाच्या माथी येतो. त्यावरून फाळके यांची कला बाळबोध ठरविणे अन्यायाचे होय.

अलीकडे मूकपटांना नवे संगीत देण्याचे प्रयत्न झाले आहेत. फ्रांट्स ओस्टेन दिग्दर्शित प्रपंच पाश (१९२९) या चित्रपटास नितीन सॉनी यांनी, तर शिराझ (१९२८) या चित्रपटास अनुष्का शंकर यांनी संगीत दिले. शिराझचे प्रयोग २०१७ मध्ये लंडनप्रमाणेच मुंबईसह काही भारतीय शहरांतही झाले. त्यांमुळे हे चित्रपट नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र ही आजची स्वतंत्र निर्मिती होय. तिला मूळ साथीचे पुनरुज्जीवन समजू नये. मोठ्या वाद्यवृंदाचे अखंड संगीत प्रत्येक भाव आधीच ठरवून देते आणि पडद्यावरील अभिनेत्याला वाव उरत नाही, हा धोकाही त्यात संभवतो. फाळके यांच्या चित्रपटांना पेटी, तबला व एखादे तंतुवाद्य यांची, पडद्याकडे पाहून केलेली मोजकी साथ आणि योग्य गती अधिक मानवेल. मूळ सूर त्यामुळे परत मिळणार नाहीत. पण मूकपट हा वादक व प्रेक्षक यांच्या उपस्थितीत सिद्ध होणारा प्रयोग होता, याची जाणीव राहील.