वेताळ, ‘व्हँपायर’ आणि आंबोलीचें कल्पित रक्तपिशाच

[१] सह्याद्रीच्या धारेवर, सावंतवाडी तालुक्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीवर आंबोली वसलेली आहे. वर्षास ७०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस, चार महिने न हटणारें धुकें, हिरण्यकेशीच्या उगमाची गुहा आणि तळ न दिसणाऱ्या दऱ्या. भयकथेच्या लेखकास याहून सोयीची रंगभूमि शोधावयास नको. गेल्या पावसाळ्यांत अशाच एका होतकरू कथालेखकानें प्रस्तुत लेखकास विचारलें कीं, आंबोलीच्या घाटांत वावरणारें एक रक्तपायी पिशाच मला निर्माण करावयाचें आहे. त्यास कोंकणच्या परंपरेंत आधार दाखवा. त्याच्या टिपणांत त्या पिशाचाचें नांव वेताळ असें होतें. त्यास सुळे होते, तो मानेस दंश करी, आणि दंश झालेला मनुष्यहि वेताळ होई. आधारादाखल बर्टनसाहेबाच्या इंग्रजी पुस्तकाचें नांव लिहिलें होतें.

हा प्रश्न त्या एका लेखकापुरता असता तर या त्रैमासिकाचीं पानें त्यासाठीं अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु छापील भयकथा आणि चित्रपट हे दोन्ही आज याच वाटेनें चालले आहेत; आणि जुन्या पोथ्या, कागद व तोंडी परंपरा गोळा करणाऱ्यांच्या कामाशीं या वाटेचा संबंध दिसतो त्याहून अधिक निकटचा आहे. म्हणून या कल्पित रक्तपिशाचाची वंशावळ तपासून पाहणें अवश्य वाटलें.

[२] प्रथम संस्कृत वाङ्मयांतील वेताळ पाहूं. वेताळपंचविशीची कथा आज ज्या जुन्यांतल्या जुन्या ग्रंथांत मिळते ते दोन्ही अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडितांचे आहेत: क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी व सोमदेवाचा कथासरित्सागर. शिवदास आणि जंभलदत्त यांच्या वाचना त्यांहून निराळ्या आहेत. सोमदेवाच्या कथेंतील राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरींच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. क्षांतिशील नांवाच्या भिक्षूच्या सांगण्यावरून तो रात्रीं स्मशानांत जातो, शिंशपा वृक्षास टांगलेलें प्रेत सोडवितो व खांद्यावर घेतो. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरिली पाहिजे. वेताळ म्हणजे तें प्रेत नव्हे. त्या परक्या प्रेतांत शिरून बोलणारी शक्ति ती वेताळ. तो राजाचें रक्त पीत नाहीं. तो कथा सांगतो, कूट घालतो, उत्तर ठाऊक असून मौन धरशील तर मस्तक फुटेल असें बजावतो, आणि राजा बोलला कीं पुनः झाडावर जातो. शेवटीं भिक्षूचा घातकी बेत राजास कळवून त्याचे प्राण वांचवितो तो वेताळच.

रक्तमांसाचा आणि पिशाचाचा संबंध आपल्या वाङ्मयांत नाहींच, असा मात्र आमचा पक्ष नाहीं. अथर्ववेदांतील पिशाच मांसभक्षक आहेत. बाणाच्या हर्षचरितांत भैरवाचार्याची वेतालसाधना सविस्तर वर्णिलेली आहे. भवभूति हा विदर्भांतील पद्मपूरचा. त्याच्या मालतीमाधवाच्या पांचव्या अंकांत माधव स्मशानांतील पिशाचांस नरमांस विकावयास निघतो. या प्रसंगाचें मर्म त्या विक्रयांत आहे. पिशाच मांस चोरून नेत नाहीं. त्याच्याशीं देवघेव करतां येते. ही देवघेव पुढें कोंकणांत आपल्याला पुनः भेटेल.

[३] आतां रूपांतराचा टप्पा. फोर्ट विल्यम कॉलेजांत लल्लूलाल व मजहर अलीखान विला यांनीं इ. स. १८०५ मध्यें ‘बैताल पचीसी’ हिंदींत सिद्ध केली. मराठींत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची वेताळपंचविशी इ. स. १८३० च्या सुमारास निघाली. इंग्रजींत मात्र वेताळास कोणत्या नांवानें हांक मारावी याचा निश्चय लवकर झाला नाहीं. इ. स. १८५५ च्या बार्करच्या भाषांतरांत तो ‘डीमन’ आहे, आणि इ. स. १९१७ च्या आर्थर रायडरच्या पुस्तकांत ‘गॉब्लिन’. या दोहोंच्या मधें, इ. स. १८७० मध्यें, रिचर्ड बर्टनचें ‘विक्रम अँड द व्हँपायर’ निघालें, आणि लोकांच्या तोंडीं बसला तो त्याचाच शब्द.

बर्टनच्या पुस्तकास भाषांतर म्हणणें धाडसाचें होईल. पंचवीस कथांच्या जागीं त्यानें अकराच दिल्या, आणि त्याहि आपल्या पदरच्या वर्णनांनीं व टोमण्यांनीं फुगविल्या. मुळाच्या सांगाड्यावर आपण मांस चढविलें आहे, हें तो प्रस्तावनेंत मोकळेपणानें कबूल करतो. तेव्हां त्यास लबाड म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यानें वेताळाचें जें ध्यान रंगविलें, म्हणजे अस्थिपंजर अंग आणि पायांच्या बोटांनीं फांदी धरून वटवाघळाप्रमाणें उलटें लोंबणें, तेंच पुढील वाचकांच्या डोळ्यांपुढें राहिलें. मूळ कथेंत झाडास दोरीनें टांगलेलें एक प्रेत आहे. बर्टनच्या पानावर त्याचें वाघूळ झालें. नवल असें कीं, बर्टन हा मुंबई इलाख्याच्या लष्करांत नोकरीस होता, आणि इ. स. १८४७ मध्यें त्यानें गोमंतकाचा प्रवासहि केला होता. ज्या प्रांतांत बेताळ हा गांवोगांव पूजिला जाणारा देव आहे, त्या प्रांतांतून जाऊनहि त्यानें वेताळाचें नांव युरोपांतल्या भुतास दिलें.

पुढें इ. स. १८९७ मध्यें ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली. स्टोकर व बर्टन यांची ओळख होती, इ. स. १९०६ मध्यें छापलेल्या आठवणींत बोलतांना वर उचलला जाणारा बर्टनचा ओंठ व त्याखालून चमकणारा सुळा यांचें वर्णन स्टोकरनें केलें आहे. यावरून ड्रॅक्युला वेताळावरून घेतला असें कोणी अनुमान काढील, तर तें टिकणार नाहीं. या आठवणीवरून एवढेंच म्हणतां येईल कीं, ज्या मनुष्यानें वेताळास व्हँपायर केलें त्याचा चेहरा व्हँपायरच्या कर्त्याच्या चांगला लक्षांत होता.

[४] मग हा व्हँपायर मूळचा कोण? हा शब्द पश्चिम युरोपांत पसरला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, सर्बियांतील दोन प्रकरणांमुळें. पहिलें इ. स. १७२५ चें किसिल्येवो गांवचें, व दुसरें इ. स. १७३१-३२ चें मेद्वेज्या गांवचें. दुसऱ्याची चौकशी ऑस्ट्रियन लष्करी वैद्यांनीं केली व तिचा अहवाल छापला गेला. दोन्ही ठिकाणीं एकामागून एक मृत्यु होत होते. एक मेलेला दुसऱ्यास मारतो व तो तिसऱ्यास, अशी लोकांची समजूत झाली; म्हणजे सांथीस त्यांनीं एक चेहरा दिला. तेव्हां व्हँपायरची लक्षणें दोन ठरतात: तो आपल्याच देहानें कबरींतून उठतो, आणि स्पर्शदोषाप्रमाणें वाढतो. वेताळाचें शरीर परकें असतें, आणि तो कोणास वेताळ करीत नाहीं. दोहोंत समान उरतें तें स्मशान आणि रात्र. आणि तेवढ्यावरून दोन वस्तु एक ठरत नाहींत.

नांव देण्याच्या या घाईचें एक गमतीचें उदाहरण आमच्या सह्याद्रींतच आहे. अमेरिकेंतील रक्त पिणाऱ्या वटवाघळांस युरोपीय सृष्टिशास्त्रज्ञांनीं या भुताचें नांव दिलें. पुढें आपल्याकडील मेगाडर्मा या वर्गांतील मोठ्या कानांच्या वाघळांसहि तेंच नांव चिकटलें. तीं किडे, बेडूक व लहान प्राणी खातात असें ठरल्यावर त्यांस ‘खोटे व्हँपायर’ म्हणूं लागले. चूक नांव देणाऱ्याची आणि खोटेपणा वाघळाच्या माथीं! वेताळाचेंहि याहून फारसें निराळें झालेलें नाहीं.

[५] आतां कोंकणांतील पुरावा. येथील भुतांच्या समजुतींचा मोठा छापील संग्रह म्हणजे जॅक्सन यांनीं गोळा केलेलीं व एन्थोव्हेन यांनीं संपादिलेलीं टिपणें. जॅक्सन यांचा नाशिक येथें इ. स. १९०९ मध्यें वध झाला; कोंकणचा भाग इ. स. १९१५ मध्यें छापून निघाला, आणि त्याच सामग्रीवर एन्थोव्हेन यांचा इ. स. १९२४ चा ग्रंथ उभा आहे. गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं प्रश्नावलीस धाडलेलीं उत्तरें हा या संग्रहाचा पाया होय. प्रश्न विचारणारा साहेब आणि उत्तर देणारा सरकारी पंतोजी, ही मर्यादा ध्यानांत ठेवूनहि संग्रह मोलाचा आहे.

या संग्रहांतील भुतांची यादी वाचतांना त्यांच्या वर्गीकरणाचें तत्त्व उघड होतें. मुंज झालेला परंतु सोडमुंज न झालेला मुलगा मेला तर मुंजा. बाळंतपणांत गेलेली स्त्री हडळ. सवाष्ण मेलेली जखीण. पाण्यांत बुडून मेलेला गिऱ्हा. वारस न ठेवतां अगर वासना मागें ठेवून गेलेला समंध. कोण कोणास चावलें, हा प्रश्नच येथें उद्भवत नाहीं. काय अपुरें राहिलें, हा प्रश्न आहे. व्हँपायर सांथीसारखा पसरतो. आमचें भूत कर्जासारखें मागें लागतें, आणि कर्ज फिटलें कीं उठून जातें.

या सर्व भूतगणांचा राजा वेताळ. परंतु राजा म्हणजे त्यांतील सर्वांत क्रूर, असा अर्थ घेणें चुकीचें होईल. त्यांस आवरून धरणारा तो राजा. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आरवलीचा वेतोबा हा याचा ढळढळीत दाखला आहे. भक्त त्यास केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा अर्पण करतात. कारण देव रात्रीं गांवाच्या रक्षणासाठीं हिंडतो व त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. रात्रीं हिंडणें हें लक्षण व्हँपायर व वेतोबा या दोघांचेंहि आहे. पण एक शिकारीसाठीं हिंडतो, दुसरा पहाऱ्यासाठीं. गांवच्या सीमेवरील देवचार हाहि असाच राखणदार समजला जातो. कोंकणांत देवतांस कोंबड्याबकऱ्याचा मान देण्याची चाल आहे, हें खरें. परंतु तें रक्त गांवकरी दिवसाढवळ्या, गाऱ्हाणें घालून, ‘होय म्हाराजा’ म्हणत देतात. माधवाच्या स्मशानांतील देवघेव ती हीच. दिलेलें रक्त आणि चोरलेलें रक्त यांतील अंतर ओलांडलें कीं आपण कोंकणच्या बाहेर पडलों.

[६] या कसोटीवर अलीकडील कृति लावून पाहूं. नारायण धारप यांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या इ. स. १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीवर आधारलेली आहे. धारपांनीं परकी वस्तु परकीच ठेविली आणि तीस लुचणें या धातूची आठवण करून देणारें नवें मराठी नांव दिलें. आमच्या एकाहि देवास त्यांनीं हात लाविला नाहीं. इ. स. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटांतील हस्तर ही पुराणकथेच्या थाटांत सांगितलेली निव्वळ कल्पित देवता आहे. तेथेंहि नांव नवें आहे, आणि लोभाच्या अतृप्तीवर तीस उभारल्यामुळें ती मातींत रुजलेली वाटते. इ. स. २०२४ च्या ‘मुंज्या’ या चित्रपटानें थट्टामस्करी पुष्कळ केली, तरी अपुऱ्या राहिलेल्या इच्छेचें मूळ सूत्र सोडलें नाहीं. त्याच दिग्दर्शकाच्या इ. स. २०२५ च्या ‘थामा’ मध्यें मात्र बेताळ ही रक्त पिणाऱ्यांची एक जात झाली असून नायकहि त्या जातींत ओढला जातो. बर्टननें दीडशें वर्षांपूर्वीं लाविलेलें रोप येथें फळास आलें. चित्रपट मनोरंजक असेल. आमचा वाद त्या नांवाशीं आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, लोकपरंपरा स्वतःच नित्य नवें रचीत आली आहे. स्मशानांतला वेताळ गांवचा वेतोबा झाला तेव्हां कोणी संशोधकांची परवानगी घेतली नव्हती. आक्षेप खरा आहे. परंतु तो फेरफार ज्यांनीं केला तेच त्याची पूजा करीत राहिले. देवाचें नवें रूप त्यांच्या गरजेंतून निघालें व त्याची जबाबदारीहि त्यांनींच वाहिली. ज्यास वहाणा वाहणारे लोक आज हयात आहेत, अशा देवाच्या तोंडांत दुसऱ्यानें सुळे बसविणें ही निराळी गोष्ट आहे.

[७] तेव्हां आंबोलीच्या त्या कथालेखकास आम्हीं काय सांगितलें? निर्मितीस आमची हरकत नाहीं. मात्र पिशाच घडवितांना तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं लिहून काढावीं. त्याचें काय अपुरें राहिलें? गांवची सीम त्यास कोणीं ओलांडूं दिली, म्हणजे राखणदाराचा कोणता मान चुकला? आणि तें शांत कशानें होईल? हीं उत्तरें जुळलीं तर सुळ्यांची गरज बहुधा पडणार नाहीं, आणि रक्त आलेंच तर तें थकलेल्या ऋणाचें व्याज म्हणून येईल. नांव मात्र नवें द्यावें, आणि हें पिशाच माझ्या कल्पनेंतलें आहे असें प्रस्तावनेंत स्पष्ट छापावें. बर्टननें निदान तेवढी कबुली दिली होती.

राहिलें आम्हां संग्राहकांचें काम. वेताळाविषयीं माहिती देणारा मनुष्य गांवच्या गाऱ्हाण्यांतलें सांगतो कीं पडद्यावर पाहिलेलें, हें ओळखणें दिवसेंदिवस कठीण होत जाणार. म्हणून वेतोबाच्या व देवचाराच्या स्थळांचीं गाऱ्हाणीं सांगणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत, गांव व तारीख घालून, आतांच उतरून घेतलीं पाहिजेत. देवस्थानांच्या मानपानाच्या तंट्यांचे मोडी कागद ज्यांच्या दप्तरांत पडून असतील त्यांनीं ते रद्दी समजूं नयेत. कोणत्या देवास कोणीं काय द्यावयाचें याचा लेखी पुरावा त्यांतच मिळेल. तो हातीं असला म्हणजे बर्टनच्या वाघळास भिण्याचें कारण नाहीं.