‘अपरिचित’ डोंगर आणि सायकलस्वाराची लेखनदृष्टी : एक चिकित्सा

प्रस्तावना

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठीत चांगलाच रुजलेला आहे. त्याची समीक्षा मात्र बहुधा निसर्गचित्रण, भाषाशैली आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व या तीन अंगांनीच होत आली आहे. प्रवास कोणत्या साधनाने घडला, सोबत किती ओझे होते, रात्रीचा मुक्काम कोणाच्या जमिनीवर पडला, या बाबी किरकोळ तपशील म्हणून बाजूला राहतात. दुर्गम डोंगराळ मुलखातून सायकलने जाणे आणि उघड्यावर मुक्काम करणे या विषयावर गेल्या शतकभरात इंग्रजीत जे लेखन झाले, ते वाचताना हेच तपशील आशयाच्या केंद्रस्थानी येतात. सह्याद्रीतही आता सायकल व तंबू घेऊन आडवाटेला जाणाऱ्यांची संख्या वाढत आहे. या अनुभवावरचे मराठी लेखन कोणत्या कसोटीने तपासावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ परकीय साहित्याचा राहत नाही.

प्रस्तुत लेखात या परंपरेतील तीन महत्त्वाच्या लेखनकृतींचा विचार केला आहे. ‘अपरिचित’ हे विशेषण या लेखनात कोणत्या दृष्टीने वापरले जाते आणि लेखकाला ते कोठे सोडून द्यावे लागते, हे पाहणे हा लेखाचा हेतू आहे.

‘अपरिचित’ या विशेषणाचा प्रश्न

अनवट, अस्पर्श, अज्ञात, अपरिचित ही विशेषणे डोंगरभटकंतीच्या लेखनात वारंवार येतात. ती वरवर पाहता प्रदेशाचे वर्णन करतात. वस्तुतः ती लेखकाच्या स्थानाचे वर्णन करतात. ज्या खिंडीतून मेंढपाळ वर्षातून दोनदा कळप नेतो, ती खिंड त्याला अपरिचित नसते. ज्या पठारावर गुरे चरतात, तेथे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते हे गुराख्याला ठाऊक असते. सायकलीचे चाक जेथून जाऊ शकते तेथे बहुधा आधी कोणाचे तरी पाऊल पडलेले असते, कारण वाट ही वापरातूनच तयार होते.

या विशेषणाचे सापेक्ष स्वरूप रिचर्ड क्रेन व निकोलस क्रेन यांच्या ‘जर्नी टू द सेंटर ऑफ दि अर्थ’ (१९८७) या पुस्तकाच्या नावातच दिसते. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे नाव घेऊन त्याला येथे निराळाच अर्थ दिला आहे. या प्रवासातील ‘पृथ्वीचे केंद्र’ म्हणजे समुद्रापासून सर्वांत दूर असलेला भूभाग. १९८६ साली बांगलादेशाच्या किनाऱ्यावरून निघून, हिमालय व तिबेट ओलांडून, ५८ दिवसांत हे दोघे वायव्य चीनमधील झुंगारियात पोहोचले. तेथून सर्वांत जवळचा समुद्र अडीच हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परंतु ही दुर्गमता समुद्रापासून मोजलेली आहे. सागरी व्यापारावर वाढलेल्या संस्कृतीला जे टोक वाटते, ते मध्य आशियातील रहिवाशाला टोक वाटण्याचे कारण नाही. मापनपट्टी कोणाची, हा प्रश्न पुस्तकाच्या शीर्षकातच दडलेला आहे.

वाटसरूची खिंड

सायकलने डोंगर ओलांडण्याच्या इंग्रजी लेखनात ‘ओव्हर द टॉप’ या लेखाला आद्यस्थान दिले जाते. डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी ‘वेफेअरर’, म्हणजेच ‘वाटसरू’, या टोपणनावाने तो लिहिला आणि १९१९ साली तो ‘सायकलिंग’ या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उत्तर वेल्समधील बर्विन डोंगररांग मार्च महिन्यात, बर्फातून, साध्या सायकली घेऊन ओलांडल्याचा तो वृत्तांत आहे. लानार्मन डफ्रिन केरिओग या गावाकडून किनविडकडे जाणारी ही खिंडवाट पुढे त्यांच्याच नावाशी जोडली गेली. त्यांच्या निधनानंतर खिंडीच्या माथ्यावर त्यांचे स्मारक उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नोंद करता यावी म्हणून तेथे वहीही ठेवण्यात आली.

या लेखाच्या शीर्षकाला काळाचा संदर्भ आहे. ‘ओव्हर द टॉप’ हा पहिल्या महायुद्धातील सैनिकांचा शब्दप्रयोग होता. खंदकाबाहेर पडून शत्रूवर चालून जाणे असा त्याचा अर्थ. युद्ध थांबून काही महिनेच झाले असताना हा शब्दप्रयोग एका सहलीला दिला गेला. मृत्यूकडे नेणारी चढण आणि आनंदाकडे नेणारी चढण यांतील अंतर त्या वेळच्या वाचकाला वेगळे सांगावे लागले नसावे. हौसेच्या लेखनालाही ऐतिहासिक खोली कशी येते, याचे हे चांगले उदाहरण होय.

मात्र येथे एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. बर्फाने वाट झाकली गेली, तरी ती वाट तेथे होतीच. वेल्समधील कित्येक खिंडवाटा गुरांचे कळप इंग्लंडच्या बाजारात नेणाऱ्या हेडींच्या पायांनी घडल्या. रेल्वे आल्यावर तो व्यवसाय ओसरला आणि वाटा ओस पडल्या. ओस पडलेल्या वाटेला ‘निर्जन’ म्हणणे बरोबर, पण ‘अज्ञात’ म्हणणे बरोबर नाही. खिंडीच्या माथ्यावर वाटसरूचे नाव कोरले गेले. ज्यांनी ती वाट पाडली त्यांची नावे कोठेच नाहीत. हा दोष एका लेखकाचा नव्हे. लिहिणाऱ्याचे नाव उरते आणि चालणाऱ्याचे उरत नाही, ही या संपूर्ण वाङ्मयप्रकाराचीच अडचण आहे.

चढ, उतार आणि यंत्र

वाटसरूच्या प्रेरणेने वाढलेल्या परंपरेला १९५५ मध्ये संघटित रूप आले. हेरफर्डशरमधील लेमिन्स्टर येथे ‘रफ-स्टफ फेलोशिप’ ही संस्था स्थापन झाली. खडबडीत वाटांवरून सायकल नेण्याची आवड असलेल्यांची ही मंडळी. त्यांच्या सायकली विशेष बनावटीच्या नव्हत्या. नेहमीच्या प्रवासी सायकलीच ते ओढे, दगड आणि चिखल यांतून नेत, आणि जेथे चालवता येत नसे तेथे खांद्यावर घेत. सभासदांनी जपलेली छायाचित्रे २०१९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वाटेत थांबून चहा करणारी, नेहमीच्या कपड्यांतली, सर्व वयांची माणसे या छायाचित्रांत दिसतात.

आज ‘माउंटन बाइक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्राची जन्मकथा वेगळी आहे. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ पासून ‘रीपॅक’ नावाची उताराची शर्यत होऊ लागली. जुन्या, वजनदार, जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून सोडल्या जात. उतरताना मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला हे नाव मिळाले. पुढे जो ब्रीझ यांनी या उपयोगासाठी खास सांगाडा बनवला आणि १९८१ मध्ये ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार झालेली सायकल बाजारात आली.

या दोन उगमांतील फरक साहित्यदृष्ट्या महत्त्वाचा आहे. पहिल्या परंपरेत सायकल चढावर ढकलली जाते, दुसरीत ती उतारावरून धावते. उतारावर नजर चाकापुढच्या काही हातांवर खिळलेली असते आणि वेळ सेकंदांत मोजली जाते. चढावर पायउतार झालेल्या माणसाला कुंपण, फाटक, झरा, गोठा दिसतो. वाटेवर भेटलेल्याशी बोलणेही होते. वेगाचे लेखन वाईट आणि संथपणाचे चांगले, असा सरसकट निवाडा येथे अभिप्रेत नाही. परंतु प्रवासवर्णनाला आवश्यक असलेले निरीक्षण सायकल चालेनाशी होते त्या ठिकाणी सुरू होते, असे या लेखनावरून दिसते.

पायउतार होण्याचे मोल

या दृष्टीने आयरिश लेखिका डर्व्हला मर्फी यांचे ‘फुल टिल्ट’ (१९६५) हे पुस्तक विशेष लक्षणीय ठरते. दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि ॲटलास भेट मिळाल्यावर त्यांनी भारतापर्यंत सायकलने जाण्याचे ठरवले. तो संकल्प १९६३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, डंकर्क ते दिल्ली या प्रवासाने पूर्ण झाला. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्यांनी सायकलला ‘रोझ’ हे लाडके नाव दिले होते. रस्ते खराब लागणार हे जाणून निघण्यापूर्वी त्यांनी सायकलचे गिअर काढून टाकले. गिलगिटकडून कागान खोऱ्यात उतरताना त्यांनी चार हजार मीटरहून उंच असलेली बाबुसर खिंड पार केली. तेथे सायकल हे वाहन न राहता ओझे झाले.

पुस्तकाचा कस अशाच प्रसंगी लागतो. ओझे झालेली सायकल सोडून देता येत नाही, म्हणून प्रवासी माणसांच्या आधाराला येतो. एकटी स्त्री, मोडकी वाट आणि कोणाच्या तरी घरी मिळालेला आसरा यांतून मर्फींच्या लेखनात यजमानांची चित्रे उभी राहतात. त्यामुळे प्रदेश केवळ निसर्गदृश्य राहत नाही. तथापि त्यांच्या दृष्टीतही एक पेच आहे. मोटाररस्ते आणि पाश्चात्त्य राहणी या मुलखात येऊ नये, अशी त्यांची ओढ आहे. रस्त्याचा अभाव पाहुण्याला सौंदर्य वाटतो. आजाऱ्याला दवाखान्यात नेणाऱ्या रहिवाशाला तो तसाच वाटेल असे नाही. मर्फी यजमानावर प्रेम करतात, परंतु यजमानाच्या भविष्याचा निर्णय काही वेळा स्वतःच्या आवडीवरून करतात.

क्रेनद्वयाच्या पुस्तकातील प्रश्न याच्या उलट आहे. त्यांनी सामानातील ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब केला. हलकेपणा हा त्यांच्या प्रवासाचा सिद्धान्त होता आणि त्यात विनोदाचाही भाग होता. पण जे अन्न व निवारा प्रवासी सोबत घेत नाही, ते त्याला वाटेवरच्या कोणाकडून तरी घ्यावे लागते. प्रवाशाचे ओझे कमी होते तेव्हा त्यातील काही भाग यजमानाकडे गेलेला असतो. हा व्यवहार लेखनात किती प्रामाणिकपणे नोंदवला जातो, यावर अशा पुस्तकाची नैतिक उंची ठरते.

मुक्काम, जमीन आणि कायदा

उघड्यावरच्या मुक्कामाविषयीचे लेखन बहुधा चांदणे, शांतता आणि एकान्त यांभोवती फिरते. तंबूची खुंटी मात्र कोणाच्या तरी जमिनीत ठोकलेली असते. ब्रिटनमधील कायद्यांचा इतिहास हे स्पष्ट करतो. इंग्लंड व वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क मिळाला, पण पादचारी आणि घोडेस्वार यांना वाट देण्याच्या अटीवर. २००० च्या कायद्याने डोंगर व माळराने खुली झाली, ती केवळ पायी फिरण्यासाठी. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने सायकल आणि तंबू या दोन्हींना जबाबदार वर्तनाच्या अटीवर मुभा दिली. तेथील आचारसंहितेनुसार मुक्काम थोड्या माणसांचा, एका जागी दोन-तीन रात्रींपुरता आणि मागे खूण न ठेवणारा असावा. इंग्लंडमधील डार्टमूरच्या सामायिक चराऊ जमिनीवर मुक्कामाचा हक्क आहे की नाही, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये निकाल मुक्काम करणाऱ्यांच्या बाजूने लागला.

या तपशिलांचा साहित्याशी संबंध असा की, रानात एकटे असल्याची भावना ही खरी असली, तरी ती सामाजिक करारावर उभी आहे. जो लेखक हा करार विसरतो, त्याचा एकान्त भाबडा वाटतो. जो तो लक्षात ठेवतो, त्याच्या एकान्ताला वजन येते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

या निकषांची बीजे मराठीत आधीपासूनच आहेत. गो. नी. दांडेकर यांच्या दुर्गविषयक लेखनात गड आणि गडावरची माणसे वेगळी करता येत नाहीत. ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीत तर त्यांनी दृष्टिकोनच उलटवला आहे. राजमाचीला भेट देणाऱ्याची ही कथा नाही. मुंबई सोडून माचीवर राहावयास परतलेल्याची ती कथा आहे. ज्याला पाहुणा ‘एकान्त’ म्हणतो, ते बुधाचे घर आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण हेही सांगतात की, आज आडवाट वाटणारा घाट दोन हजार वर्षांपूर्वी राबता मार्ग होता.

सह्याद्रीच्या सड्यांचे उदाहरण आणखी निकडीचे आहे. कास, कोयना, चांदोली व राधानगरी या महाराष्ट्रातील स्थळांचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. कासच्या जांभ्या खडकावर मातीचा थर अतिशय पातळ आहे आणि पावसाळी फुलांचे सारे जीवन त्यावरच अवलंबून आहे. अशा जागी टायरची चाकोरी आणि तंबूचा तळ हे केवळ वर्णनाचे विषय राहत नाहीत. ‘अजून कोणाला ठाऊक नसलेली जागा’ म्हणून एखाद्या सड्याचे कौतुक छापले जाते, तेव्हा ते लेखन त्या जागेच्या भवितव्यात सहभागी होते.

निष्कर्ष

१. ‘अपरिचित’ हे विशेषण प्रवाशाच्या ज्ञानाची मर्यादा सांगते. ते प्रदेशाचा गुण म्हणून वापरले गेल्यास रहिवासी लेखनातून नाहीसा होतो.

२. सायकलप्रवासाच्या लेखनात पायउतार होण्याचे प्रसंग वाङ्मयीन दृष्ट्या सर्वाधिक फलदायी ठरतात. ‘फुल टिल्ट’ची गुणवत्ता याच कारणाने टिकून आहे.

३. ओझे, अन्न आणि मुक्काम यांचा हिशेब हा आशयाचाच भाग होय. तो वगळणारे लेखन सुंदर असूनही अपुरे राहते.

४. प्रवासवर्णनात लेखकाचे व्यक्तिमत्त्व उमटावे, ही अपेक्षा योग्यच आहे. मात्र वाट दाखवणारा, पाणी देणारा, आसरा देणारा माणूस त्या व्यक्तिमत्त्वाच्या सावलीत हरवू नये.

५. मराठीत या विषयावर होणाऱ्या लेखनाने दांडेकरांचा वारसा या अंगाने पुढे न्यावा. तंबू उठवल्यानंतर ती जागा कोणाची राहते, या प्रश्नाचे उत्तर लेखनात असणे ही त्याची पहिली कसोटी मानावी लागेल.