कुलाब्याचें अफगाण चर्च : वास्तु आणि स्मृतिलेख

पोथीची परीक्षा करतांना अक्षरवळण प्राचीन व कागद अर्वाचीन असें आढळलें, कीं संग्राहक सावध होतो. ती मूळ प्रत नव्हे हें तर उघडच. परंतु ती प्रामाणिक प्रतिलिपि आहे कीं कूटलेख, याचा निर्णय पुढें करावा लागतो. मुंबईस कुलाब्याच्या छावणीच्या भागांत संत योहानाचें ख्रिस्ती देवालय आहे. लोकांत तें अफगाण चर्च या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याची परीक्षाहि याच न्यायानें व्हावी, असें आम्हांस वाटतें.

या वास्तूचें वळण इंग्लंडांतील १३ व्या शतकाच्या गॉथिक पद्धतीचें आहे. (ही पद्धति गॉथ लोकांनीं निर्माण केलेली नाहीं, इटलींतील उत्तरकालीन पंडितांनीं तुच्छतेनें हें नांव योजिलें व तेंच रूढ झालें.) टोंकदार कमानी, उंच अरुंद खिडक्या आणि निमुळता होत जाणारा मनोरा हीं तिचीं लक्षणें येथें स्पष्ट दिसतात. परंतु पायाचा दगड बसला १८४७ सालीं, प्रतिष्ठाविधि झाला १८५८ सालीं, आणि १९८ फूट उंचीचा मनोरा पुरा झाला १८६५ सालीं. केवळ लक्षणांवरून काल ठरविणारा येथें सहाशें वर्षांनीं चुकेल.

एवढ्यावरून या वास्तूस निव्वळ नक्कल म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. ऑक्सफर्डहून आलेला डेरिक यांचा आराखडा फार खर्चाचा म्हणून मागें पडला, आणि मुंबईंतील अभियंते हेन्री कॉनिबेअर यांचा स्वीकारला गेला. विहार तलावाच्या पाणीपुरवठ्याची योजनाहि यांचीच. भिंतींस कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि खांब व कमानी यांस पोरबंदरचा दगड वापरला आहे. रंगीत कांचा मात्र इंग्लंडांतील विल्यम वेल्स यांच्या आहेत. तात्पर्य, लेखकानें पाठ परका घेतला, पण येथील द्रव्य व येथील मर्यादा ओळखून तो उतरविला. आणि आपला काल कोठेंहि लपविला नाहीं. आपले स्थपतीहि पूर्वसूरींच्या शिल्पग्रंथांस अनुसरूनच मंदिरें उभारीत. अनुकृति हा दोष नव्हे.

खरी उणीव आहे ती आंतील स्मृतिलेखांत. १८३८ ते १८४३ या काळांत सिंध व अफगाणिस्तान येथील मोहिमांत जे पडले, त्यांच्या स्मरणार्थ हें देवालय बांधलें. लेखांत अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत. त्यांखालच्या दर्जाच्या सैनिकांविषयीं मात्र, ते इतके बहुसंख्य कीं त्यांचीं नांवें कोरणें शक्य नाहीं, अशा अर्थाचें एक वाक्य आहे. ताम्रपट झिजल्यामुळें अक्षरें गेलीं, तर आम्ही काळास दोष देतों. येथें दगड अभंग आहे. गळती आहे ती लिहविणाऱ्याची. मनोऱ्याच्या उंचीपुढें हें एकच वाक्य आम्हांस अधिक बोलकें वाटलें.

मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोंकणांतील व देशावरील पुष्कळ लोक चाकरीस होते, आणि त्या पलटणी या मोहिमांवर गेल्या होत्या. ज्यांचा माणूस तिकडे गेला व परत आला नाहीं, अशा घराण्यांच्या दप्तरांत एखादें मोडी पत्र किंवा पेन्शनीचा कागद अद्याप असूं शकेल. वाचकांपैकीं कोणास असा कागद मिळाल्यास त्यांनीं त्याची नक्कल करून मंडळाकडे अवश्य धाडावी. दगडांत जें कोरलें गेलें नाहीं, तें कागदावर तरी राहील.