नाव बदलून आलेला पाहुणा : अब्बास-मस्तान यांच्या थरारपटांची प्रतवारी

मुस्लिम समाज आणि हिंदी चित्रपट हा विषय निघाला की आपल्या लेखकांची लेखणी ठरावीक ठिकाणी जाऊन थांबते. ‘गर्म हवा’, ‘बाजार’, ‘मम्मो’, ‘नसीम’. फार झाले तर ‘मेरे महबूब’ आणि ‘पाकीजा’च्या नवाबी हवेल्यांवर दोन उसासे. हे चित्रपट मोठे आहेतच. परंतु नागपूरच्या मोमिनपुऱ्यात, टेका नाक्यावर किंवा ताजबागेच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीतील किती पोरांनी ‘नसीम’ पाहिला होता? जुम्म्याची नमाज आटोपून ही पोरे सायकली दामटत सदरकडे, लिबर्टी-स्मृतीच्या दिशेने निघत, ती ‘खिलाडी’ आणि ‘बाजीगर’ पाहायला. त्यांच्या डोक्यात जे दिग्दर्शक पक्के बसले ते म्हणजे अब्बास आणि मस्तान बर्मावाला हे दोघे भाऊ. दोघेही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वावरणारे. धाकटे हुसेन बर्मावाला संकलनाच्या टेबलावर. म्हणजे एका मुस्लिम घरातील तीन भावांनी वीस-पंचवीस वर्षे हिंदी थरारपटाचा कारखाना चालवला आणि आपल्या समीक्षेने त्याची साधी दखलही घेतली नाही. कारण एकच. हे चित्रपट ‘आपल्याविषयी’ नाहीत, असे गृहीत धरले गेले. ते गृहीतक तपासून पाहावे आणि जाता जाता या चित्रपटांची प्रतवारीही लावावी, असा या लेखाचा हेतू आहे.

या दोघांची सुरुवात संकलनाच्या खोलीतून झाली, मग गुजराती चित्रपट, त्यानंतर १९९० मध्ये ‘अग्निकाल’ हा पहिला हिंदी चित्रपट. तो आला आणि गेला. १९९२ च्या ‘खिलाडी’ने त्यांचे आणि अक्षय कुमारचे नशीब एकदमच उघडले. पुढे ‘बाजीगर’ (१९९३), ‘दरार’ (१९९६), ‘सोल्जर’ (१९९८), ‘अजनबी’ (२००१), ‘हमराज’ (२००२), ‘ऐतराज’ (२००४), ‘रेस’ (२००८). संकलक असल्याचा संस्कार या सगळ्यांत दिसतो. प्रेक्षकाला कोणती गोष्ट कधी सांगायची आणि कधी दाबून ठेवायची, हा त्यांच्या कलेचा गाभा आहे. पात्रांचा स्वभाव, संवादातील काव्य, पार्श्वभूमीचे बारकावे यांत त्यांना फारसा रस नाही. पाहणाऱ्याच्या माहितीवर मात्र त्यांचा ताबा असतो.

आता नेहमीचा आक्षेप. ‘बाजीगर’मागे आयरा लेविनची १९५३ ची कादंबरी आणि तिच्यावरचे दोन इंग्रजी चित्रपट, ‘दरार’मागे ‘स्लीपिंग विथ द एनिमी’, ‘हमराज’मागे ‘अ परफेक्ट मर्डर’ आणि त्याच्याही मागे हिचकॉकचा ‘डायल एम फॉर मर्डर’, ‘ऐतराज’मागे ‘डिस्क्लोजर’. यादी लांबवता येईल. नक्कल ती नक्कलच, आणि श्रेय न देणे हे तर सरळ चुकीचे. पण ज्या वाचकाने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे गठ्ठे संपवले आहेत, किंवा ज्याच्या घरी वडिलांनी जपून ठेवलेली इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ आहे, त्याला एवढे नक्की ठाऊक असते की रहस्यकथेचा सांगाडा गावोगाव फिरतो, बदलते ते त्याच्यावरचे मांस. म्हणून सांगाडा कोठून आणला यापेक्षा आणल्यावर त्यात काय बदलले, हे पाहणे अधिक उपयोगाचे. आणि बदलले ते पुष्कळ आहे.

‘बाजीगर’च घ्या. माझ्या प्रतवारीत तो पहिला आहे आणि येथे तडजोड नाही. लेविनचा खुनी हावरट आहे. श्रीमंत घराचा जावई होण्यासाठी तो खून करतो. अब्बास-मस्तान यांनी त्याला बाप दिला, आई दिली, लुटले गेलेले घर दिले. मदन चोप्रा या नोकराने मुखत्यारपत्राच्या जोरावर मालकाची कंपनी गिळली, घर रस्त्यावर आणले. बाप गेला, तान्ही बहीण गेली, आईच्या मनावर परिणाम झाला. ही सारी कहाणी मात्र आपल्याला उशिरा मिळते. आधी दिसते ती विवाह नोंदणी कार्यालयाच्या गच्चीवर कठड्यावर बसवलेली सीमा आणि तिला दिलेला धक्का. गुन्हा आधी, कारण नंतर. कारण आधी सांगितले असते तर आपण तो धक्का माफ करून टाकला असता. दिग्दर्शकांनी ती सवलत आपल्याला दिली नाही.

याहून महत्त्वाचे काहीतरी या चित्रपटात आहे आणि ते नावाविषयी आहे. नायकाचे नाव अजय शर्मा. तो दोघी बहिणींशी एकाच वेळी प्रेमाचे नाटक करतो. सीमाला तो आपले खरे नाव सांगतो, प्रियाला खोटे : विकी मल्होत्रा. ज्या मुलीला तो मारून टाकणार आहे तिलाच खरे नाव मिळते. जिच्या घरात त्याला शिरायचे आहे तिच्यासाठी नाव बदलावे लागते. खरे नाव घेऊन त्या घराच्या उंबऱ्याच्या आत जाता येणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांना अजय शर्माच्या बरेच आधीपासून ठाऊक आहे. भाड्याची खोली शोधताना घरमालक गोत्र, गाव, पगार सगळे ऐकून घेतो आणि मग नाव विचारतो. नाव सांगितल्यावर खोली ‘कालच दिलेली’ असते. युसूफ खानाचा दिलीप कुमार आणि महजबीनची मीना कुमारी झाली, तेव्हापासून मुंबईच्या चित्रसृष्टीला नाव बदलण्याचे अर्थशास्त्र समजते. ‘बाजीगर’ प्रदर्शित झाला तो १२ नोव्हेंबर १९९३ रोजी. मुंबई डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींतून आणि मार्चच्या बॉम्बस्फोटांतून नुकतीच गेली होती, आणि तेथे नाव ही जिवावर बेतणारी गोष्ट होऊन बसली होती. दिग्दर्शकांच्या मनात हा अर्थ होता असा माझा दावा नाही. त्यांना बहुधा एक चालणारा चित्रपट हवा होता. पण त्या वर्षी, त्या शहरात, दोन मुस्लिम दिग्दर्शक आणि शाहरुख खान नावाचा नट मिळून खोट्या नावाने घरात शिरणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतात, आणि पोस्टरवर या तिघांचीही नावे न बदलता छापलेली असतात! चित्रपटाचा अर्थ केवळ करणाऱ्याच्या मनात नसतो, पाहणाऱ्याच्याही असतो.

थोडे विषयांतर. ‘बाजीगर’मध्ये इन्स्पेक्टर करणचे काम करणारा सिद्धार्थ रे मराठी प्रेक्षकांना ‘अशी ही बनवाबनवी’तील शंतनू म्हणून आठवत असेल. त्या चित्रपटाची सारी धमालही भाड्याच्या घरासाठी सोंग घेण्याची. तेथे साडी नेसली की खोली मिळते आणि आपण पोट धरून हसतो. त्याच प्रश्नाचे हसरे रूप मराठीत १९८८ साली आले आणि काळे रूप हिंदीत पाच वर्षांनी. असो.

‘बाजीगर’वर माझा मोठा आक्षेपही आहे आणि तो नोंदवलाच पाहिजे. सीमाच्या खुनाला सूडाचे कारण आहे, वाईट का होईना. पण तिचा मित्र रवी आणि मैत्रीण अंजली (रेशम टिपणीसने केलेली) यांनी कोणाची कंपनी लुटली होती? अंजलीच्या हाती एक छायाचित्र लागते, एवढाच तिचा गुन्हा. तिचे प्रेत पेटीत घालून फेकले जाते आणि शेवटी प्रेक्षक नायकाच्या मरणावर रडतो, अंजली कोणाच्याच आठवणीत राहत नाही. आईच्या मांडीवरचा तो शेवट इतका प्रभावी आहे की हिशेबाच्या वहीतील दोन नावे अलगद पुसली जातात. सूडकथेचे हे जुने पाप आहे.

दुसऱ्या क्रमांकावर मी ‘सोल्जर’ ठेवतो. येथे वाद सुरू होतो. उमरेडकडचा माझा एक मित्र, पेशाने मोटार मेकॅनिक, चित्रपटांची स्मरणशक्ती अफाट, तो माझे म्हणणे ऐकून म्हणाला, “सर, सोल्जर दोन नंबरवर? गाण्यांवर चालला थो पिच्चर. तुमी हमराज पाह्यला नाई का नीट?” त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. रचना म्हणून ‘हमराज’ उजवा आहे. हिचकॉककडे नवरा बायकोला मारायचा कट करतो. येथे त्याआधी बायको आणि तिचा प्रियकर नवऱ्याला लुटण्याचा कट करतात, मग बायको नवऱ्याच्याच प्रेमात पडते आणि सारा डाव उलटतो. फसवणारीच फसते, तीही चांगुलपणामुळे. अक्षय खन्नाचे गुळगुळीत, हसतमुख दुष्टपण हिंदी पडद्यावर दुर्मीळ आहे. हे सगळे मान्य.

तरीही ‘सोल्जर’. कारण त्याच्या पोटात एक शब्द आहे : गद्दार. मेजर मल्होत्राला त्याच्याच साथीदारांनी शस्त्रांच्या लोभापायी मारले आणि वर देशद्रोहाचा शिक्का मारला. राखीने केलेली त्याची विधवा गद्दाराची बायको म्हणून झिडकारली जाते. मुलाला पैसा नको आहे, खुर्ची नको आहे. बापाच्या नावावरचा तो एक शब्द त्याला पुसायचा आहे. आणि तो पुसण्यासाठी पुन्हा तेच : खोटी ओळख घेऊन शत्रूच्या घरात शिरणे. ज्याच्या वस्तीला शहरातले लोक क्रिकेट सामन्याच्या दिवशी दुसऱ्याच देशाच्या नावाने हाक मारतात, त्याला या गोष्टीचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, ‘सरफरोश’ आला. त्यातील इन्स्पेक्टर सलीमला आपली निष्ठा तोंडाने बोलून दाखवावी लागते आणि त्या प्रसंगाची समीक्षकांनी वाहवा केली. मला सलीमपेक्षा ‘सोल्जर’मधील मल्होत्रा जवळचा वाटतो. तो भाषण करत नाही, पुरावा गोळा करतो.

मित्राने यावर बिनतोड प्रश्न टाकला, “मंग त्याले मल्होत्रा कायले केला? खान काहून नाई केला?”

हाच या दिग्दर्शकद्वयीविषयीचा खरा प्रश्न आहे. १९९२ ते २००८ या काळातील त्यांचे प्रमुख थरारपट पाहा. राज, विकी, करण, प्रिया, सोनिया. नावांची हीच गड्डी पुन्हा पुन्हा पिसलेली. मल्होत्रा, सिंघानिया, बजाज. यांची घरे परदेशात किंवा डोंगरावर, यांना मोहल्ला नाही, शेजार नाही. एका बाजूने पाहिले तर हा मोठा दिलासा होता. ‘रोजा’पासून पुढे हिंदी पडद्यावरच्या बंदुकीमागे ठरावीक दाढी दिसू लागली त्याच काळात अब्बास-मस्तान यांचा खलनायक नवरा असे, मित्र असे, धंद्यातला भागीदार असे, भाऊ असे. धोका सीमेपलीकडून येत नव्हता, जेवणाच्या टेबलावरून येत होता. दुष्टपणाला त्यांनी धर्म दिला नाही. पण चांगुलपणालाही दिला नाही, हे दुसऱ्या बाजूचे सत्य. वीस वर्षे बाजारात पत असलेल्या दिग्दर्शकांना एक मुस्लिम वकील, एक डॉक्टर, संशयाच्या भोवऱ्यात सापडलेला एक साधा शेजारी उभा करता आला असता. त्यांनी तो केला नाही.

आणि केला तेव्हा काय केले? ‘द इटालियन जॉब’वरून २०१२ मध्ये त्यांनी ‘प्लेयर्स’ काढला. मूळ टोळीतील प्रत्येकाला हिंदी नाव द्यायचे होते. कोणी चार्ली झाला, कोणी रॉनी, कोणी सनी. त्या टोळीत सुरुंग लावणारा, स्फोट घडवणारा एक तज्ज्ञ आहे. त्याचे नाव ठेवले बिलाल बशीर. नावे वाटताना टेबलावर बसलेल्यांपैकी एकालाही हे खटकले नसेल? बिलाल त्या टोळीतील भला माणूस आहे, हे खरे. पण भल्या माणसाच्या हातात नेमका सुरुंगच का यावा? दुसऱ्या कोणा दिग्दर्शकाने हे केले असते तर आपण अग्रलेख लिहिले असते.

‘ऐतराज’ हा प्रतवारीतला अवघड चित्रपट. अनेक जण तो वर ठेवतात. लैंगिक छळाचा आरोप असलेल्या नवऱ्याचा खटला त्याची बायको चालवते, हा प्रसंगच जबरदस्त, आणि करीना कपूरने तो पेलला आहे. प्रियंका चोप्राला या खलभूमिकेसाठी फिल्मफेअर मिळाले तेही योग्यच. परंतु सोनियाचे पाप नेमके कोणते? चित्रपट म्हणतो, तिने मूल नाकारले आणि पैसा निवडला, म्हणून ती अशी झाली. समोर घर सांभाळून वकिली करणारी सुशील प्रिया. आपल्या मुलींना नोकरीसाठी पुण्या-मुंबईला पाठवायचे की नाही यावर ज्या घरांत अजून खल चालतो तेथे या चित्रपटाने महत्त्वाकांक्षी बाईची जी भीती पोहोचवली, ती मला ‘बाजीगर’मधील खुनांपेक्षा जास्त काळ टिकणारी वाटते. म्हणून ‘हमराज’ तिसरा, ‘ऐतराज’ त्याच्या बराच खाली.

‘अजनबी’ चौथा. येथेही शेवटी नावाचीच लबाडी निघते. जिला आपण सोनिया समजत होतो ती सोनिया नसतेच. अक्षय कुमारचा थंडपणा पाहण्यासारखा आहे. बॉबी देओल सोसणाऱ्या माणसाच्या भूमिकेत शोभतो, कारण त्याच्या चेहऱ्यावर मुळातच थोडे गोंधळलेपण आहे.

‘रेस’ पुष्कळांचा लाडका. मी तो ‘ऐतराज’च्याही खाली ठेवतो. धक्का हा मिठासारखा असतो, आणि ‘रेस’मध्ये मिठाचाच भात शिजवला आहे. कोणीही कोणाचा नाही हे पंधराव्या मिनिटाला कळल्यावर पुढच्या फसवणुकीने कोणाला काय वाटणार? ‘बाजीगर’मध्ये सीमाचा विश्वास खरा होता म्हणून तो कठडा आजही भीती घालतो. दोन भावांच्या वैराची ही गोष्ट दोन एकदिलाने काम करणाऱ्या भावांनी केली, एवढी एक गंमत.

‘दरार’मध्ये अरबाज खानचा संशयी नवरा चांगला, बाकी सामान्य. ‘नकाब’ आणि ‘३६ चायना टाउन’ रविवारच्या दुपारी दूरदर्शन संचावर लागले तर बंद करू नयेत इतपत. ‘मशीन’ (२०१७) घरातल्याच मुलाला नायक म्हणून उभे करण्यासाठी काढला, त्यावर न बोललेले बरे. ‘खिलाडी’ आज पाहताना पहिला अर्धा भाग पोरकट वाटतो, पण थट्टेत रचलेले खोटे अपहरण खऱ्या खुनात बदलते त्या क्षणी थिएटरात पसरलेली शांतता ज्यांनी अनुभवली आहे ते त्याला पाचवा क्रमांक देतील. मी दिला आहे. उमरेडचा मित्र त्याला दुसरा देतो आणि ‘सोल्जर’ला सातवा, आणि त्या यादीवर तो अजून ठाम आहे.