नाट्यशिक्षण आणि पदवी

नाट्यकला विद्यापीठात शिकता येते काय, हा प्रश्न आपल्याकडे अद्याप थट्टेच्या सुरात विचारला जातो. नट जन्मावाच लागतो, तो घडविता येत नाही, असे रसिक म्हणतात. पदवी घेऊन पोट कसे भरणार, असे पालक विचारतात. भाईंदरहून उत्तनकडे जाताना लागणाऱ्या तारोडीसारख्या गावातील मुलीने कलिन्याच्या विद्यानगरीत जाऊन नाट्यशिक्षण घेण्याचा हट्ट धरला, तर घरची वडील मंडळी तिला हीच दोन उत्तरे ऐकवतील. आक्षेप जुने असले तरी मुलीच्या आयुष्याचा प्रश्न खरा आहे. म्हणून त्यांची छाननी केली पाहिजे.

पहिला आक्षेप आपल्याच रंगभूमीच्या इतिहासापुढे टिकत नाही. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, तेव्हा त्यांच्यापाशी दैवी गळा होता हे खरे. परंतु रंगभूमीवरचा वावर ते मंडळीतच शिकले. मास्टर दीनानाथही प्रथम त्याच मंडळीत होते. पुढे १९१८ साली बळवंत संगीत मंडळी निघाली. (याच दीनानाथांच्या कन्येचे नाव आज मीरा-भाईंदरच्या नाट्यगृहास दिलेले आहे.) नाटक मंडळी म्हणजे पाठशाळाच होती. तेथे तालीम रोजची, प्रेक्षक रोजचा आणि चूक झाली तर कान धरणारा वडीलधारा जवळच. १९३२ साली मराठी बोलपट अवतरला आणि पुढे एकेक मंडळी मोडली. मंडळ्यांबरोबर ही पाठशाळाही मिटली, याची खंत मात्र फारशी कोणी केली नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम पुढे संस्थांकडे आले. दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले; १९६२ ते १९७७ या काळात इब्राहिम अल्काझी यांनी त्यास शिस्त लावली. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र स्थापन झाले. त्याने आपल्या नावाशी 'गुरुकुल' हा शब्द जोडला, हे सूचक होय. मुंबई विद्यापीठाने २००३ साली नाट्यकला अकादमी काढली आणि तिची धुरा वामन केंद्रे यांच्याकडे दिली.

येथे विरोधक एक दाखला पुढे करतील. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणणारे जब्बार पटेल व त्यात काम करणारे मोहन आगाशे हे वैद्यकशास्त्राचे पदवीधर. १९७४ साली 'महानिर्वाण' देणारे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. यांपैकी कोणी नाट्याची पदवी घेतली होती? दाखला खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. पुण्यात त्यांना संध्याकाळ मोकळी मिळे. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनसारखी संस्था पाठीशी होती. एकांकिका स्पर्धांचा आखाडा होता. भाईंदरहून लोकलमध्ये उभ्याने जाऊन उभ्याने परतणाऱ्या नोकरदाराला ती संध्याकाळ कोठून लाभावी? पुढे १९९६ साली आळेकर स्वतःच ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. पदवीवाचून ज्याने कीर्ती मिळविली, त्यानेच शिक्षणासाठी तेरा वर्षे वेचावीत, हा त्या आक्षेपास मिळालेला समर्पक जबाब होय.

तथापि या शिक्षणातील दोष आम्हांस दिसत नाहीत असे नाही. नाट्य हे प्रयोगाने शिकावयाचे; वर्षअखेर उत्तरपत्रिका भरून त्याचे माप घेता येत नाही. एखाद्या दिग्दर्शकाची धाटणी विद्यार्थ्यांच्या अंगी इतकी मुरते की दहाही जण एकाच आवाजात बोलू लागतात. त्याहून मोठे भय भाषेचे वाटते. उत्तन-डोंगरी पट्ट्यातील ख्रिस्ती घरांतून जी मराठी बोलली जाते, तिची स्वतःची लय आहे. विद्यार्थिनीची ती लय 'शुद्ध' उच्चारांच्या नावाखाली पुसून टाकली, तर विद्यापीठाने तिला पदवी दिली आणि तिचे भांडवल काढून घेतले, असे म्हणावे लागेल. प्रमाण भाषा तिला आलीच पाहिजे. पण घरची बोली रंगभूमीवर कशी उभी करावी, हेही तिला तेथेच शिकविले गेले पाहिजे.

पोटाच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे तर, ही पदवी अन्नाची हमी देत नाही. तशी आशा दाखविणाऱ्याने पालकांस फसवू नये. ती देते ती दोन-तीन वर्षांची सवड. त्या अवधीत प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, लेखन यांपैकी आपला हात कशात चालतो हे विद्यार्थ्यास कळते आणि तिकिटविक्रीचे भय न बाळगता पडून पाहता येते. जुन्या मंडळीला ही चैन परवडत नव्हती.

म्हणून तारोडीतील आईबापांस आमचे सांगणे एवढेच की, माहितीपुस्तक चाळून निर्णय करू नये. विद्यार्थ्यांचा एखादा प्रयोग स्वतः जाऊन पाहावा. वर्षात असे किती प्रयोग होतात आणि पडद्यामागची कामे सर्वांच्या वाट्यास येतात की नाही, हे विचारावे. उत्तरे समाधानकारक असतील, तर मुलीस आनंदाने जाऊ द्यावे.