दिवाळे कोणाचे?

'दिवाळे' हा शब्द 'दिवा'वरून आला, असे मोल्सवर्थचा कोश सांगतो. पूर्वी दिवाळखोर आपल्या घरात वा दुकानात दिवा पेटवून ठेवी. बुडाले कोण, हे त्या उजेडात चारचौघांना दिसे.

२०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता वाचताना मी हाच उजेड शोधत होतो. कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८९६ साली सॉलोमन खटल्यात पक्के झाले आणि आपल्याकडेही रुजले. म्हणून दिवाळे निघते ते कंपनीचे. संचालकाच्या खिशापर्यंत पोचण्याची मुख्य वाट म्हणजे कलम ६६.

या कलमाची भाषा बारकाईने पाहावी. धनकोंना फसवण्याच्या हेतूने व्यवसाय 'चालवला गेला', असे पहिले पोटकलम म्हणते. चालवणारा मागाहून शोधायचा. दुसऱ्यात संचालक उघड येतो. नादारीची कार्यवाही टळण्याची वाजवी आशा नाही हे त्याला ठाऊक होते, किंवा असायला हवे होते, आणि तरीही धनकोंची हानी कमी करण्यासाठी त्याने 'योग्य दक्षता' घेतली नाही, तर न्यायाधिकरण त्याला पदरचे पैसे भरायला लावू शकते. ब्रिटनच्या १९८६च्या कायद्यातील कलम २१४ याहून कडक आहे. तिथे सुटका हवी असेल, तर हानी कमी करण्यासाठी उचलायला हवे ते 'प्रत्येक पाऊल' उचललेले असावे लागते. पाऊल मोजता येते. दक्षता सभेच्या इतिवृत्तातही दाखवता येते.

शिवाय मूळ संहितेत या कलमाखालचा अर्ज निराकरण व्यावसायिकानेच करायचा. कामगाराला वा घर घेणाऱ्याला तो हक्क तिथे नव्हता. व्यावसायिकापुढे जुन्या हिशेबवह्या असतात आणि ३३० दिवसांची मुदत.

जेपी इन्फ्राटेक प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, पालक कंपनीच्या कर्जासाठी ७५८ एकर जमीन गहाण टाकणारे व्यवहार कलम ४३खाली पक्षपाती ठरवले. जमीन मोकळी झाली, हे मोठेच काम. पण ते कलम व्यवहार उलटवते. तो ठरवणाऱ्यांची झडती घेत नाही.

प्रामाणिकपणे बुडालेल्याला शिक्षा नकोच. नाहीतर धंदा कोण करील? पण बुडणार हे दिसत असताना लोकांकडून आगाऊ रकमा घेत राहणारा त्याच आडोशाला उभा असतो. या दोघांतला फरक स्पष्ट शब्दांत सांगणे, ही माझ्या मते या संहितेची खरी कसोटी आहे. कलम ६६ तिथे अजून अपुरे पडते.